पहिलं घमेलं साहेबांच्या हातचं

जगात बाकी ठिकाणी आधी पाया घालतात आणि मग त्यावर काहीतरी उभं करतात, असं मी ऐकून आहे. आमच्याकडे, खंडाळ्यापासून खाली सांगलीपर्यंत, घरामागचं शेड आधी उभं राहतं. मग ते एका अंगाला कलतं. मालक म्हणतो, वाऱ्यानं झालं असेल. पुढच्या पावसाळ्यात दार लागेनासं होतं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात कसंबसं लावलेलं दार उघडेनासं होतं, आणि मग मला फोन येतो. "मिस्त्री, जरा येऊन बघून जावा. लय काम न्हाई. नुसता पाया घालायचाय."

हे "नुसता पाया" ऐकत माझे केस पिकले. मी आष्ट्याचा. मिसरूड फुटायच्या आधी हातात थापी धरली आणि आता गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून घरी बसून दिवाळी अंकाला लेख लिहितोय. संपादकांची अपेक्षा होती की मी बंगले, शाळा, पूल यांच्याबद्दल लिहावं. ती कामं करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे फोटोही छापून येतात. मी उभ्या शेडाखाली पाया सरकवणारा माणूस. माझं काम चांगलं झालं तर ते जमिनीखाली जातं आणि वाईट झालं तर चारचौघांत वर येतं.

शेडाला आधीच पाया का घालत नाहीत, तर ते "तात्पुरतं" असतं म्हणून. तात्पुरत्या शेडात पहिल्या वर्षी गवऱ्या आणि मोडकी सायकल जाते, मग म्हैस जाते, मग थोरल्याच्या लग्नात आलेलं जास्तीचं कपाट, आणि शेवटी त्यात एखादा धंदा सुरू होतो. विश्रामबागेतले एक निवृत्त प्राध्यापक माझ्याशी तासभर भांडले होते. मोबाइल फरशीवर आडवा ठेवून त्यातला बुडबुडा मला दाखवत ते म्हणाले, "मिस्त्री, माझं शेड सरळच आहे, जमीन वाकडी झालीय." मी आठवडाभर हे वाक्य सांगून लोकांना हसवलं, पण माझ्या धंद्याचं सगळं शास्त्र त्यात आलेलं आहे हे कबूल करायला हवं. खंडाळ्याच्या एका गृहस्थांनी तर अट घातली की शेडातली एकही वस्तू हलवायची नाही. मी विचारलं, मग पाया घालू कुठून? ते शांतपणे म्हणाले, "खालनं घाला."

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की भेगेत हात जातो. उसाला ती मानवते, पत्र्याच्या शेडाला मानवत नाही. शेडाचे लोखंडी खांब नुसते मातीत खोचलेले असले की दरवर्षी एक वर येतो आणि दुसरा खाली जातो. यावर इलाज दोन. एक म्हणजे शेड जागच्या जागी जॅकवर तोलून धरायचं आणि एकेका खांबाखाली खड्डा घेऊन काँक्रीट भरायचं. हे काम संथ आणि बघायला अगदीच कंटाळवाणं. दुसरा म्हणजे अख्खं शेड उचलून बाजूला ठेवायचं, काळी माती काढून टाकायची, मुरूम भरून धुम्मसानं ठोकून घ्यायचा, त्यावर काँक्रीट ओतायचं आणि शेड परत आणून बोल्टांवर बसवायचं. दोन्ही रीती बरोबर आहेत. पण दुसरीत गर्दी लागते, आणि गर्दी म्हटली की आमच्याकडे तिच्याबरोबर बाकीचंही सगळं येतं.

आष्ट्याच्या पुढं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण त्या गावची माणसं दिवाळी अंक वाचतात. गणपती बसायच्या आठ दिवस आधी तिथल्या सुरेखा वहिनींचा मला फोन आला. वहिनी म्हणजे त्या गावच्या एका निवृत्त सुभेदारांच्या सूनबाई. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणार. घरामागच्या पत्र्याच्या शेडात वहिनींची स्वतःची पिठाची गिरणी. "मिस्त्री, गिरन हलतीया. पाया पायजे," एवढंच त्या म्हणाल्या. "नुसता" म्हणाल्या नाहीत, म्हणून मी लगेच गेलो.

शेड दाखवताना लोक मला नेहमी सांगतात की कालपर्यंत चांगलं होतं. वहिनींनी सहाही खांबांवर जमिनीलगत खडूच्या खुणा केल्या होत्या आणि प्रत्येक खुणेपुढं महिना लिहिला होता. कोणता खांब किती खचला हे मोजायला मला टेपसुद्धा काढावी लागली नाही. गिरणीचे दगड एका पातळीत फिरावे लागतात. जमीन जरा कलली की एका बाजूनं पीठ जाडं पडतं आणि दुसऱ्या बाजूनं दगडाला दगड घासून ते करपतं. वहिनी दर अर्ध्या तासाला पीठ दोन बोटांत चोळून बघत आणि गिरणीखाली पत्र्याचे तुकडे सारत. अशा प्रकारे त्यांनी दोन वर्षं काढली होती.

"दिवाळीच्या आदीचं दोन आठवडं म्हंजी आमचा हंगाम," त्या म्हणाल्या. "चकलीची भाजनी, बेसन, तांदळाचं पीठ. औंदा स्टँडवर नवी गिरन झालीया. ही दिवाळी हुकली तर बाया तिकडं जातील, आन एकदा गेलेलं दळाप माघारी येत न्हाई."

त्यांनी बेतही करून ठेवला होता. गणपती गेले की म्हाळाचा, म्हणजे पितरांचा पंधरवडा. त्या दिवसांत दळण कमी. तेवढ्यात पाया घालायचा, महिनाभर पाणी मारून तो पक्का होऊ द्यायचा आणि दिवाळीला गिरणी सुरू. मी म्हणालो, गिरणीखाली वेगळा जाड चौथरा घेऊ, फरशीपासून बोटभर सुटा, म्हणजे गिरणीची थरथर शेडाला लागणार नाही. त्या म्हणाल्या, चालेल. दोन शहाण्या माणसांचं बोलणं एवढ्यात संपलं. मग सुभेदार बाहेर आले.

सुभेदार हा सरळ माणूस. चालताना सरळ, बसताना सरळ आणि चुकतानासुद्धा सरळ. त्यांनी बेत ऐकून घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी नकळत पाय जुळवले.

"म्हाळात पाया? डोकं फिरलंय काय रं मिस्त्री तुजं?"

"मामा, नवं काम कुटं हाय ह्ये?" वहिनी सासऱ्यांना म्हणाल्या. "शेड सा वर्सं झाली उभंच हाय की."

"बेस नया, तो ऑपरेशन नया," सुभेदार म्हणाले. आणि त्यांनी पंचांग मागवलं.

दसऱ्याचा मुहूर्त ठरला. म्हणजे गिरणी बसवायला मधे फक्त दहा दिवस. चांगला माल, म्हणजे नीट कालवलेलं काँक्रीट, दहा दिवसांत गिरणी पेलतो, म्हणून मीही मान डोलावली. मुहूर्त ठरल्यावर मुहूर्ताला शोभेल असा माणूस हवा, म्हणून सुभेदारांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमच्या भागातले एक माजी. ते नक्की कशाचे माजी आहेत हे मला आजही ठाऊक नाही. निवडणूक जवळ आली होती आणि त्या दिवसांत साहेब बारशालाही पाच मिनिटं जाऊन येत होते. ते येतो म्हणाले. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला, "शेड पायाभरणी समारंभ". वर साहेब, त्याखाली सुभेदार मेडलं लावून, त्याखाली तालमीतली पोरं काळे चष्मे घालून. अगदी कोपऱ्यात माझंही नाव होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. येता-जाता दोन-तीनदा मी ते वाचलंही. गिरणी जिची होती तिचं नाव मात्र कुठंच नव्हतं.

पाचव्या माळेला शेड उचलायचं ठरलं. मी जॅकची गोष्ट काढली, पण सुभेदार म्हणाले, पूर्वी आमच्या रानात वीस गडी पाचटाचं छप्पर अलगद उचलून बांधावर ठेवायचे, त्यापुढं पत्र्याचं काय कौतुक. गोष्ट खरी होती. फक्त छपराला भिंती नसतात, आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं. हे माझ्याही लक्षात आलं नाही, सुभेदारांच्याही आलं नाही. तालमीतले वीस गडी आले, काही आतून लागले, काही बाहेरून. एक जण उचलण्याऐवजी शेवटपर्यंत मोबाइलवर शूटिंगच करत होता.

"एक साथ... उठाव! बायें मुड!" सुभेदारांनी आरोळी दिली.

शेड उठलं. बाहेरचे सुभेदारांकडं पाठ करून उभे होते, ते डावीकडं वळले. आतले सुभेदारांकडं तोंड करून उभे होते, ते त्यांच्या डावीकडं वळले. शेड क्षणभर जागच्या जागी पिळलं, पत्रे कुरकुरले, आणि मग ज्यांचा जोर जास्त ते जिंकले. शेड तिरकं पळत जाऊन शेजाऱ्याच्या शेवग्याच्या झाडात घुसलं. झाडाची फांदी गेली आणि शेडाचा एक खांब वाकला. आतून कुणीतरी ओरडत होतं, "थांबा रं, माजा पाय!" पाय शाबूत निघाला. टाळ्या वाजल्या, व्हिडिओ सगळ्यांच्या स्टेटसवर गेला आणि त्याखाली लोकांनी हात जोडलेले आणि दंड फुगवलेले इमोजी टाकले. वाकलेला खांब सरळ करण्यात माझा पुढचा दिवस गेला.

गिरणी कुणी हलवली हे मात्र कुणीच विचारलं नाही. शेडातली खरी जड वस्तू तीच. आदल्या दुपारी वहिनींनी आणि शेजारच्या दोघी जावांनी पाइपचे तीन तुकडे खाली सारून ती परसाच्या कडेला लोटत नेली होती आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. त्याचा व्हिडिओ नाही.

दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजतो, वापरत नाही. सुभेदारांच्या शब्दाखातर मी पूजा पहाटेच उरकून मिक्सर घेऊन हजर झालो. माती काढून मुरूम ठोकून झाला होता. मधोमध गिरणीच्या चौथऱ्याचा खड्डा तयार होता, बोल्ट टांगलेले होते. साहेब नऊला येणार होते आणि पहिलं घमेलं त्यांच्या हातचं, मधोमध, म्हणजे नेमकं त्या चौथऱ्यात पडायचं होतं.

सव्वानऊला फोन आला, "साहेब आष्ट्यातनं निघालं!" सुभेदारांनी हात वर केला आणि मी मिक्सर चालू केला. खडी, वाळू, सिमेंट, पाणी, सगळं मापात. असा माल मी आयुष्यात फार थोड्या वेळा केला असेन, कारण साहेब बघणार होते. आता एक गोष्ट समजून घ्या. सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू होतं. उन्हात तास-सव्वा तासाच्या आत माल जागेवर पडायला हवा. त्यानंतर तो आतल्या आत घट्ट व्हायला लागतो. आमच्या भाषेत माल मरतो.

साहेब आष्ट्यातून निघाले होते हे खरं, पण ते विरुद्ध दिशेला निघाले होते. वाटेत एका दुकानाचं उद्घाटन लागलं, मग एका घरी चहा, मग एका घरी पुन्हा चहा. साडेदहा वाजून गेले. मी सुभेदारांकडं गेलो.

"सुभेदार, माल वतू द्या. न्हाईतर मरंल."

"साहेब येस्तवर एक घमेलं हालायचं न्हाई. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

तो सगळा माल उकिरड्यावर ओतून नवा करायला मला अर्धा तास पुरला असता. एवढंच करायचं होतं. पण मांडवात चाळीस माणसं, नारळ मांडलेला, हार तयार, फ्लेक्सवर माझं नाव. त्या सगळ्यांसमोर साहेबांसाठी केलेला माल उकिरड्यावर टाकायला माझा हात धजेना. मी दुसरंच केलं. बादलीभर पाणी घेतलं आणि मिक्सरमध्ये ओतलं. माल पुन्हा मऊ झाला, चकाकायला लागला. अर्ध्या तासानं आणखी एक बादली ओतली. वरून पाणी घालणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडाला पावडर लावणं, हे मी स्वतः कितीतरी गवंड्यांना शिव्या देऊन शिकवलं आहे.

वहिनी चहाचे कप गोळा करत मिक्सरपाशी आल्या. त्यांनी थोडा माल चिमटीत घेतला आणि पीठ बघतात तसा दोन बोटांत चोळला.

"मिस्त्री, ह्यो धरत न्हाई. चालंल न्हवं?"

त्यांनी विचारलं ते हळू आवाजात, माझी अब्रू राखून. मी हळू आवाजात खरं सांगू शकलो असतो. पण सुभेदार आमच्याकडंच बघत होते. मी मोठ्यानं म्हणालो, "चालतंय की वैनी. काय हुत न्हाई." त्यांनी बोटं पदराला पुसली आणि कप घेऊन त्या आत गेल्या.

साहेब पावणेबाराला आले. घमेलं दोघांनी धरलं होतं, साहेबांनी हात लावला. फोटो नीट आला नाही म्हणून तेच घमेलं पुन्हा भरून पुन्हा ओतलं. मग भाषण झालं. पाया भक्कम असेल तर इमारत भक्कम राहते, असं साहेबांनी सांगितलं आणि मी त्या मेलेल्या मालाजवळ उभा राहून टाळ्या वाजवल्या. साहेब गेले, मांडव पांगला, आणि मिक्सरमधला उरलेला सगळा माल मी गिरणीच्या चौथऱ्यात ओतून वरून थापीनं छान चकचकीत केला. बाकीच्या फरशीला ताजा माल केला. ती फरशी आजही खणखणीत आहे. फक्त तिच्यावर गिरणी नव्हती.

दहा दिवसांनी शेड परत बोल्टांवर बसलं, गिरणी चौथऱ्यावर चढली. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी, दिवाळी आठवड्यावर आली असताना, बाहेर डब्यांची रांग फाटकापर्यंत गेली होती आणि गिरणी चौथऱ्यावर नाचायला लागली. एकामागून एक बोल्ट काँक्रीटसकट उपटून वर आले. वहिनींनी मोटर बंद केली म्हणून निभावलं, नाहीतर पट्टा तुटून कुणाच्या तरी अंगावर आला असता. बायकांनी थोडा वेळ वाट बघितली, मग आपापले डबे उचलले आणि त्या स्टँडकडं चालत गेल्या.

हे मला वहिनींनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एसटीनं आष्ट्याला माझ्या घरी आल्या. हातात स्टीलचा डबा. आमच्या घरातून चहा घ्या म्हणून आग्रह झाला, त्यांनी नको म्हटलं. डबा माझ्यासमोर ठेवून झाकण काढलं. आत करडा भुगा होता.

"चमच्यानं खरवडलं. छिन्नी लागली न्हाई," त्या म्हणाल्या. "बघा चोळून. आमच्या गिरनीपरीस बारीक दळलंय तुमी."

मी डब्यात हात घातला नाही. त्या पुढं म्हणाल्या, "तुमाला ठावं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मी इचारलं हुतं."

"व्हय, वैनी."

त्या ओरडल्या असत्या तर मी काहीतरी उलट बोलून मोकळा झालो असतो. त्या ओरडल्या नाहीत. मला इतकी लाज वाटली की डब्याचं झाकणसुद्धा मला नीट लावता येईना. त्यांनीच ते लावलं आणि पुढच्या एसटीनं गेल्या.

ती दिवाळी त्यांच्या हातून गेली. गावात मात्र कारणांना तोटा नव्हता. सुभेदारांनी निष्कर्ष काढला की मशीनवर लोड जास्त दिला गेला. तालमीच्या मते शेवग्याची फांदी मोडली त्याचा दोष लागला. पारावर बसणाऱ्यांनी सांगितलं की बाईमाणसाच्या हाताला मशीन मानवत नाही. मग कुणीतरी पिलू सोडलं की त्या गिरणीच्या पिठात खडीची कच येते. काँक्रीट फुटलेलं सगळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळं ते लगेच पटलं. आणि मला आष्ट्याच्या चौकात एकानं विचारलं, मिस्त्री, तिथं काय झालं हो? मी म्हणालो, "काळ्या रानाचं काय सांगता येत न्हाई गड्या." एका बाईचं दळण गेलं होतं, वर तिच्या पिठात कच असल्याची आवई उठली होती, आणि मी मातीला दोष देत होतो.

तुळशीची लग्नं झाल्यावर मी तो चौथरा फोडला. फोडायला पहार लागलीच नाही, कुदळीनं निघाला. नवा घातला. मुहूर्त नाही, नारळ नाही, मांडव नाही. मी, माझ्या कामावरच्या दोघी बाया आणि वहिनी. माल मिक्सरमधून निघाला की वहिनी आधी चिमटीत घेऊन चोळत आणि मगच "वता" म्हणत. इतक्या वर्षांत माझ्या कामावर अशी देखरेख कुणी केली नव्हती, आणि मला ती आवडली असं म्हणवत नाही. सुभेदार पायरीवर बसून होते. सून त्यांना म्हणाली, "मामा, पानी मारायचं काम तुमचं. सकाळ, दुपार, सांज, धा-बारा दिवस न्हाई, म्हैनाभर." ते उठून उभे राहिले. महिनाभर त्यांनी घड्याळ लावून पाणी मारलं, एकदाही खाडा केला नाही. योग्य हुकूम मिळाला तर आमची माणसं फार चांगलं काम करतात.

गिरणी पुन्हा सुरू झाली. दगड एका पातळीत, पीठ रेशमासारखं. पण दळण येईना. संक्रांत जवळ आली, भोगीची बाजरी घरोघरी निघाली, आणि सगळे डबे स्टँडकडं चाललेले. कच, दुसरं काय. मी वहिनींना फोन करून म्हणालो, कुणी मला विचारलं तर मी खरं ते सांगेन.

"तुमाला कोन इचारतंय?" त्या म्हणाल्या. "बाया पारावर न्हाईत आन आष्ट्याच्या चौकातबी न्हाईत. भोगीच्या आदल्या दिशी मी समद्यास्नी बोलावलंय, म्हनलं बाजरीचं पैलं दळाप फुकाट दळून देते. यायचं आसंल तर तवा या."

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेलो. मोटरसायकलवरून जाताना मी दोनदा थांबलो, एकदा पंक्चर बघायला आणि एकदा नसलेलं पंक्चर पुन्हा बघायला. शेडात दहा-बारा बायका होत्या. कुणी फुकट म्हणून आलेली, कुणी कच बघायला आलेली. गिरणी जोरात चालू होती. मी दारात उभा राहिलो आणि बोलायला लागलो. त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. बोलून झालं असं समजून मी वळणार, एवढ्यात वहिनींनी मोटर बंद केली.

दगड थांबेपर्यंत थोडा वेळ लागतो.

"आता सांगा," वहिनी म्हणाल्या.

मी सांगितलं. म्हणालो, गिरणीत दोष नव्हता, बाईतही नव्हता, मातीतही नव्हता. माल मेलेला होता. मला माहीत होतं. वहिनींनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. पिठात कच कधीच आली नाही, ती माझ्या कामात होती.

कोपऱ्यात पोत्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मग तवाच का टाकून दिला न्हाईस रं त्यो?"

"साहेब येनार हुतं, आजी," मी म्हणालो.

इतके महिने मनात हे कारण मला पुरेसं वाटत आलं होतं. तिथं ते तोंडातून बाहेर पडलं आणि आधी म्हातारी हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्या. पदर तोंडाला लावून, एकमेकींना धरून हसत होत्या. मी दारात हात जोडून उभा होतो, आणि कुणी मला थांब म्हणत नव्हतं की जा म्हणत नव्हतं.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी म्हातारीच्या हातातला डबा घेतला, बाजरी गिरणीत ओतली आणि मोटर चालू केली.